सिरोंचा: नाल्यात सापडलेलं 'दगडी लाकूड' शाळेत ठेवावं का?

प्राणहिताकाठची_शाळा (मूळ प्रश्न)

नमस्कार. मी मूळची सातारा जिल्ह्यातली. तीन वर्षांपासून गडचिरोलीत, सिरोंचा तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. मुलं घरी तेलुगू बोलतात, शाळेत माझ्याशी मराठी. मला आता दोन्हीतलं बरंच कळायला लागलंय.

गेल्या आठवड्यात चौथीतला एक मुलगा खताच्या गोणीच्या पिशवीत एक दगड घेऊन आला. त्याचे आईवडील मिरची तोडायला पलीकडे तेलंगणात गेलेत, तो आजीजवळ राहतो. पिशवी टेबलावर ठेवून म्हणाला, "मॅडम, हे लाकूड आहे, पण जळत नाही." आजीच्या चुलीत घालून बघितलं होतं त्यानं.

दगड साधारण दोन वीत लांब आहे. मुलांनी रेशन दुकानाच्या काट्यावर तोलला, चार किलोला थोडा कमी भरला. बाहेरून तपकिरी, उभ्या रेषा अगदी सालपटासारख्या. एक टोक तुटलेलं आहे, तिथे पाणी लावलं की गोल गोल वलयं दिसतात. मधे एका फटीत काचेसारखं काहीतरी चमकतं.

वडधमचं जीवाश्म पार्क मला माहीत आहे, मुलांना घेऊन एकदा जाऊन आले. तिथे मोठी खोडं पाहिली. पण हा तुकडा पार्कातला नाही. गावामागच्या नाल्यात पडलेला होता आणि मुलगा सांगतो की तिथे "अजून खूप लांब आहे, मातीत गेलेलं."

प्रश्न असे:

हे खरंच झाड होतं का आणि किती जुनं? केंद्रातले एक सर म्हणाले की ज्वालामुखीच्या लाव्ह्यात जंगल जळून असं होतं. दुसरे म्हणाले इथे समुद्र होता. मुलांना यातलं काय सांगू?

दुसरा, मला जास्त महत्त्वाचा. तुकडा शाळेतच ठेवावा का? मुलाला तो शाळेला द्यायचाय. त्याचा उतरलेला चेहरा मला बघवणार नाही, पण चुकीचं काही करायचंही नाही.

---

कोअरबॉक्स_चंद्रपूर

मॅडम, मी चंद्रपूरचा. कोळशाच्या शोधासाठी जी बोअरहोल घेतात त्यांच्यावर सत्तावीस वर्षं काम केलं, आता निवृत्त आहे. जमिनीतून काढलेला दगडाचा दांडा, म्हणजे कोअर, लाकडी पेटीत ओळीने मांडायचा आणि कोणत्या मीटरला काय लागलं ते लिहायचं, हे माझं काम. त्यामुळे तुमच्या भागातले दगड मी वरून कमी आणि आतून जास्त पाहिलेत. सविस्तर लिहितो.

आधी त्या मुलाला माझी शाबासकी सांगा. "लाकूड आहे पण जळत नाही" हे वाक्य भल्याभल्यांना सुचत नाही. फक्त यापुढे चुलीत घालू देऊ नका. अशा दगडात बारीक फटींत पाणी अडकलेलं असतं, तापला की तडकतो आणि कपरी उडतात. डोळ्याला लागेल.

तुमच्या वर्णनावरून ते जीवाश्म झालेलं लाकूडच वाटतं. खात्रीसाठी तुटलेल्या टोकाच्या कडेला चाकूचं पातं हलकं ओढून पाहा. लाकडाच्या जागी गारेचं खनिज, म्हणजे सिलिका, आलेली असेल तर चाकूने ओरखडा पडत नाही, उलट पात्याचंच लोखंड झिजून दगडावर चंदेरी रेघ उमटते. फटीत चमकतं ते बहुधा क्वार्ट्झचे स्फटिक असणार. वलयं भिंगातून बघा.

आता लाव्ह्याबद्दल. हा गैरसमज महाराष्ट्रात सगळीकडे आहे, कारण आपण बहुतेक जण काळ्या बेसॉल्टवर वाढलो. तुम्ही सातारच्या, तुमच्याकडे तर डोंगर म्हणजेच लाव्ह्याचे थर. पण दख्खनचा लाव्हा ६.६ कोटी वर्षांच्या आसपासचा, आणि सिरोंचाकडे तो नाहीच. तुमच्या गावाखालचा वाळूचा दगड त्यापेक्षा कितीतरी जुना आहे. लाव्ह्यात सापडलेलं लाकूड जळून कोळसा होईल, राख होईल. त्याची वलयं अशी कोरून काढल्यासारखी राहणार नाहीत.

मग झालं काय? झाड पुरात उन्मळलं, वाहत आलं, नदीच्या वाळूत गाडलं गेलं. वाळूखाली हवा पोचत नाही, म्हणून ते लवकर कुजलं नाही. वाळूतून झिरपणाऱ्या पाण्यात विरघळलेली सिलिका होती. ते पाणी लाकडाच्या एकेका पेशीत मुरत गेलं आणि सिलिका तिथेच बसत गेली. लोणच्याच्या फोडीत मीठ मुरतं आणि फोडीचा आकार तसाच राहतो, मुलांना तसं सांगा. फरक एवढाच की इथे शेवटी फोड जवळजवळ उरतच नाही, नुसतं मीठच फोडीच्या आकाराचं होऊन बसतं.

समुद्राचंही तसंच. तुमच्याकडे समुद्र नव्हता. खचलेलं खोरं होतं. हे मला जरा मन लावून सांगायचंय, कारण यात माझं आयुष्य गेलं.

वर्धा आणि वैनगंगा चपराळ्याजवळ एकत्र येतात, तिथून खाली तिचं नाव प्राणहिता, आणि सिरोंचाला ती गोदावरीला मिळते. नकाशावर ही रेघ वायव्येकडून आग्नेयेकडे उतरताना दिसेल. ही रेघ नदीने आपल्या मनाने निवडलेली नाही. फार पूर्वी, भारत जेव्हा दक्षिण गोलार्धात आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया यांना चिकटून होता, तेव्हा या रेघेवर जमीन ताणली गेली. दोन बाजूंनी भेगा पडल्या आणि मधली पट्टी हळूहळू खाली बसत गेली. खड्डा बसत राहिला आणि नद्या त्यात वाळू, चिखल ओतत राहिल्या. कोट्यवधी वर्षं हेच चालू होतं, म्हणून इथे थरांची जाडी किलोमीटरमध्ये मोजतात. यालाच प्राणहिता-गोदावरी खोरं म्हणतात, आणि या थरांना गोंडवाना. ज्या गोंडांच्या देशात आपण राहतो त्यांच्यावरून हे नाव आलं आणि पुढे ते अख्ख्या महाखंडाला लागलं. मुलांना हे जरूर सांगा. वर्गात गोंड, माडिया मुलं असतील तर आधी त्यांना सांगा.

ढोबळमानाने, चंद्रपूरहून नदीच्या अंगाने तुमच्याकडे उतरत यायचं म्हणजे जुन्याकडून नव्याकडे यायचं. चंद्रपूर-बल्लारपूरकडे आमचा कोळसा, सुमारे २७-२८ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याच्या वरचे कामठीचे थर. मग तेलंगणाच्या बाजूला येरापल्ली, मालेरी, धर्मारम या गावांच्या नावांचे लाल मातीचे थर. आणि त्याच्याही वर कोटा. हे राजस्थानातलं कोटा नाही. तुमच्याच तालुक्यातलं, प्राणहितेच्या काठचं कोटा गाव. जगातल्या कुठल्याही भूशास्त्रज्ञाला 'कोटा फॉर्मेशन' म्हटलं की ज्युरासिक काळ आठवतो, सुमारे १८-१९ कोटी वर्षांपूर्वीचा.

१८५० च्या आसपास तिथे कोळसा शोधायला बोअर घेतलं होतं. म्हणजे आमच्याच धंद्यातली माणसं. तिथल्या चुनखडीत त्यांना मिळाले मासे! जाड चकचकीत खवल्यांचे. १८५१ मध्ये लंडनमध्ये त्यांतल्या एकाचं वर्णन छापून आलं, नाव दिलं लेपिडोटस डेक्कनेन्सिस. त्या जागी उथळ तळं असावं असं बहुतेक अभ्यासक मानतात. मासे आहेत म्हणून समुद्र असायलाच हवा असं नाही. तुमच्या गावच्या तलावातही मासे असतातच की.

नाल्यातलं झाड नेमकं कोणत्या थरातलं हे जागा पाहिल्याशिवाय कोणीही सांगू नये, मीही सांगत नाही. वडधमची खोडं मात्र डायनासोरांच्या काळातली आहेत, आणि त्या काळी सिरोंच्यात सागवान नव्हतं. मोह नाही, तेंदू नाही, बांबू नाही. फुलं येणारी झाडंच नव्हती. सूचिपर्णी झाडं होती, नेचे होते, सायकससारखी झाडं होती. आलापल्लीहून सिरोंचाला येताना दोन्ही बाजूंना जे जंगल दिसतं, त्यातलं एकही झाड तेव्हाच्या प्राण्यांनी पाहिलेलं नाही.

यावर वर्गात करण्यासारखं एक काम सुचवतो. शाळेतल्या मोडक्या बाकाचा सागवानी तुकडा घ्या, आडवा कापा, टोक ओलं करा. वलयांत बारीक भोकं साध्या डोळ्यांना दिसतील, पाणी वर नेणाऱ्या नळ्या आहेत त्या. मग मोटारसायकलचे वगैरे सुटे भाग ज्या पाइनच्या खोक्यांतून येतात त्या फळीचा तुकडा तसाच कापा. वलयं दिसतील, तशी भोकं दिसणार नाहीत. सूचिपर्णी झाडांत त्या नळ्या नसतात. आता तुमच्या दगडाचं टोक पाहा आणि तो कुणाच्या बाजूचा आहे ते मुलांनाच ठरवू द्या.

डायनासोरचं विचारलं नाहीत, पण मुलं विचारतीलच. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेने याच खोऱ्यात १९५८ पासून हाडं शोधली, आणि १९६०-६१ मध्ये पोचमपल्ली गावाजवळ मोठा साठा उघडा केला. किमान सहा प्राण्यांची मिळून सुमारे ३०० हाडं. बंगालीत 'बडा पा', म्हणजे मोठा पाय, म्हणून त्या डायनासोरचं नाव बारापासॉरस, आणि १९६१ हे रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष म्हणून पुढे टागोराय. मॅडम, त्या हाडांबरोबर तिथे झाडांची मोठी खोडंही होती. पुराने प्राणी आणि झाडं एकदमच आणून टाकली असावीत. म्हणून नाल्यातलं लाकूड म्हणजे नुसतं लाकूड असं समजून चालत नाही. शेजारी काय पुरलंय ते माहीत नसतं.

आणि इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो.

१९८६ ची गोष्ट. एका उघड्या खाणीत बेंचवर, म्हणजे खाणीच्या पायरीवर, शेलचा, म्हणजे चिखलाच्या दगडाचा, थर फुटला आणि आत पानं. ग्लॉसोप्टेरिस, कोळशाच्या काळातलं नामशेष झाड. जिभेसारखं पान, मधे जाड शीर, बाजूला जाळी. काळ्या दगडावर इतकी स्पष्ट की मी बोट फिरवून पाहिलं. जेवणाच्या डब्याच्या पिशवीत भरून घरी आणली. भाच्याला दिली, शेजाऱ्यांना दिली, लग्नात भेट म्हणूनसुद्धा एक दिली. चार वर्षांनी विद्यापीठातले एक अभ्यासक घरी आले, शोकेसमधला तुकडा पाहून त्यांनी विचारलं: कोळशाच्या कोणत्या सीमच्या (थराच्या) वर? किती मीटर? कोणती बेंच? मी, ज्याचं कामच मीटर लिहिण्याचं होतं, मला उत्तर देता आलं नाही. तोपर्यंत ती बेंचच उरली नव्हती. त्या तुकड्यांत त्यांना हवं असलेलं काहीतरी होतं. त्यांनी चहा घेतला, तुकडा परत शोकेसमध्ये ठेवला आणि गेले. मला अजून तो त्यांचा हात दिसतो.

म्हणून माझं मत: मातीत गेलेल्या खोडाला हात लावू नका, मुलांनाही लावू देऊ नका. जो तुकडा आलाय तो कुठून आला हे आज, पाऊस पडायच्या आधी, मुलाला घेऊन जाऊन लिहून काढा. मग वनरक्षकाला कळवा. नाला वनजमिनीत असेल तर तिथला दगडही भारतीय वन अधिनियमाखाली वनोपज धरतात, परवानगीशिवाय आणता येत नाही. मुलावर कोणी रागावणार नाही, पण तुम्ही शिक्षिका आहात, तुमच्या कपाटात तो बिनकागदाचा नको. परवानगी मिळाली तर शाळेत ठेवा. नाही मिळाली तर परत नेऊन ठेवण्याचा मान त्याच मुलाला द्या.

---

वरोऱ्याचा_शेतकरी

काकांनी छान लिहिलं. आमच्याकडचं थोडं जोडतो, कारण "चंद्रपूरचे डायनासोर" म्हणून दोन वेगळ्या गोष्टी लोक एकत्र करतात.

वरोऱ्याजवळ पिसदुरा आहे. तिथेही डायनासोरची हाडं मिळाली, पण ते थर लॅमेटाचे, दख्खनच्या लाव्ह्याच्या सुरुवातीच्या आसपासचे. सिरोंचाच्या कोट्यापेक्षा दहा-बारा कोटी वर्षांनी अलीकडचे. म्हणजे कोट्याचा डायनासोर आणि पिसदुऱ्याचा डायनासोर यांच्यात जितका काळ गेला, तितका पिसदुऱ्याच्या डायनासोरमध्ये आणि आपल्यात गेलेला नाही. हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा दोनदा वजाबाकी करून पाहिली.

पिसदुऱ्याची खरी कमाई हाडं नाहीत, शेण आहे. दगड झालेल्या विष्ठेचे गोळे शेतात मिळायचे. लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतल्या संशोधकांनी इतरांबरोबर ते तपासले, तर त्यात गवताचे सिलिकाचे कण सापडले. २००५ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तोवर समज असा होता की डायनासोरांच्या काळात गवत जवळजवळ नव्हतंच. मी ज्वारी आणि सोयाबीन पिकवतो, ज्वारी गवताच्याच कुळातली, त्यामुळे मला या बातमीचं फार अप्रूप वाटलं.

अजून एक. नागपूरचे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं कॉलेज आहे, ते मिशनरी होते पण हातोडी घेऊन फिरायचे. नागपूरच्या दक्षिणेला मांगलीच्या दगडातली एक कवटी इंग्लंडला गेली. बेडकाच्या दूरच्या नातलगाची, चपटी, रुंद. तिथले प्राणिशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये तिचं ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असं नामकरण केलं. म्हणजे या खोऱ्याचा अभ्यास पावणेदोनशे वर्षं चाललाय आणि आमच्या पोरांना त्यातलं एक नावही माहीत नसतं. मॅडम, तुम्ही शिकवताय म्हणून बरं वाटलं.

---

मानसी_कोलकाता

मी नोकरीमुळे कोलकात्यात राहते. सांख्यिकी संस्था इथे बी. टी. रोडवर आहे, आणि बारापासॉरसचा सांगाडा त्यांच्या भूशास्त्र संग्रहालयात १९७७ पासून उभा आहे. आधी विचारून, परवानगी काढून मुलाला घेऊन गेले होते.

मांडीचं सर्वांत लांब हाड १.७ मीटर. माझी उंची १.५८. मी त्याच्या शेजारी उभी राहिले आणि मुलगा म्हणाला, "आई, तू त्याच्या पायातल्या एका हाडाएवढीपण नाहीस." हाडं इतकी मिळाली, पण कवटी मिळाली नाही, थोडे सुटे दात तेवढे हाती लागले. पुरात डोकं आधी निखळून वाहून जात असावं, असं तिथे आलेल्या एका विद्यार्थ्याने मला समजावलं.

मला भावलं ते वेगळं. संख्याशास्त्राच्या संस्थेत डायनासोर का? तर संस्थेचे संस्थापक महालनोबिस आणि तिथे आलेले जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांना वाटलं की मोजण्याचं शास्त्र शिकवायचं तर मोजण्यासारखं काही समोर हवं, म्हणून लंडनच्या जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावून घेतलं आणि भूशास्त्राचा विभाग सुरू झाला. रॉबिन्सन यांच्याबरोबर शिकलेली मुलं पुढे मालेरीच्या लाल मातीत, कोट्याच्या चुनखडीत वर्षानुवर्षं राबली. कोट्यात त्याच काळातल्या सस्तन प्राण्यांचे दातही मिळालेत, काही मिलिमीटरचे. माती धुवून, चाळून, भिंगाखाली एकेक वेचून काढलेले. त्यातल्या एकाचं नाव कोटाथेरियम हाल्डेनी. हॉल्डेन यांचं नाव आणि सिरोंचाच्या गावाचं नाव, दोन्ही एका दातावर.

मॅडम, तुमच्या मुलांना मांडीच्या हाडाची लांबी पटांगणात खडूने आखून दाखवा. १७० सेंटिमीटर.

---

प्राणहिताकाठची_शाळा

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुमची शोकेसची गोष्ट वाचून मी त्याच संध्याकाळी निघाले.

मुलगा, त्याची आजी आणि मी असे तिघं गेलो. आजीला मराठी येत नाही, पण नाल्याची वाट तिलाच पक्की माहीत होती. खोड खरंच आहे. नाल्याच्या डाव्या काठात तिरकं गेलंय, बाहेर आलेला भाग माझ्या ओढणीने मोजला आणि घरी येऊन ओढणी टेपवर धरली: २ मीटर ३० सेंटिमीटर. जाडी मिठीत मावेल एवढी. आजी म्हणाली की तिच्या लग्नाच्या वेळी, म्हणजे पन्नासेक वर्षांपूर्वी, हे एवढं बाहेर नव्हतं, फक्त टोक दिसायचं आणि बायका त्यावर धुणं आपटायच्या. आपटून आपटून एक बाजू अगदी गुळगुळीत झालीये. तिला हात लावून बसावंसं वाटलं, मीही बसले.

वनरक्षक दुसऱ्या दिवशी आले. ते चांगले बोलले, मुलाला खोड कुठे आहे ते दाखवायला लावलं, फोटो घेतले, वर कळवतो म्हणाले. तुकडा तूर्त शाळेत राहील, लेखी पावतीवर. पावतीवर "शोधणारा" म्हणून मुलाचं नाव घातलं. तो ती पावती आजीला दोनदा वाचून दाखवतोय.

सागवान आणि पाइनचा प्रयोग केला. सागवानात भोकं दिसली, पाइनमध्ये नाही, दगडात नाही. सगळा वर्ग ओरडला, "पाइनवाला!" मी फळ्यावर सूचिपर्णी लिहिलं.

पटांगणात हाड आखलं. चौथीतली सगळ्यांत उंच मुलगी त्यावर झोपली, तरी वीतभर उरलं.

दोन प्रश्न मुलांचे आहेत, मी फक्त पोचवते. एक, या झाडाचं नाव काय? दोन, झाड उगवलं कुठे, कारण ते वाहत आलं म्हणता तर ते इथलं नाहीच.

तसंच, एक वही केलीय. पहिली नोंद अशी: "क्र. १. दगडी लाकूड. गावामागचा नाला, डावा काठ, धुण्याच्या दगडापासून वरच्या अंगाला ४१ पावलं. दिसणारी लांबी २.३० मी. वाळूच्या दगडात." आणखी काय लिहायला हवं?

---

कोअरबॉक्स_चंद्रपूर

मॅडम, नोंद वाचली आणि दोनदा वाचली.

नावाचं असं आहे की बाहेरून पाहून झाडाचं नाव ठरत नाही. दगडाची अगदी पातळ चकती कापून, प्रकाश आरपार जाईल इतकी घासून, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी पाहाव्या लागतात. बिरबल साहनी संस्थेत हे काम होतं. तुमच्या वनाधिकाऱ्यांमार्फत त्यांना लिहा, शाळेच्या नावाने. तोपर्यंत मुलांनी त्याला "क्र. १" म्हणावं. आमच्या कोअरलाही आधी नंबरच असायचा.

दुसरा प्रश्न फार मोलाचा आहे, आणि त्याचं उत्तर मुलं स्वतः काढायला सुरुवात करू शकतात. पुराच्या पाण्यात वाहणारी खोडं थांबतात तेव्हा ती कशीही पडत नाहीत. बरीचशी प्रवाहाच्या दिशेने लांबतात, काही उथळ जागी प्रवाहाला आडवी अडकतात. एका खोडावरून काही कळत नाही. पण नाल्यात अजून खोडं असली आणि सगळ्यांच्या दिशा लिहिल्या, तर जुनी नदी कोणत्या रेघेत वाहत होती याचा अंदाज येतो. शिवाय खोड ज्या वाळूच्या दगडात आहे त्यात तिरके पट्टे दिसतात का पाहा, भाताच्या सुपात पाखडताना दाणे एका बाजूला उतरत जातात तसे. ते पट्टे ज्या बाजूला उतरतात, त्या बाजूला पाणी वाहत होतं. झाड त्याच्या उलट दिशेकडून आलं.

म्हणून वहीत आणखी चार गोष्टी घाला. खोडाची दिशा. बुंध्याकडचं जाड टोक कोणत्या बाजूला आहे. तिरक्या पट्ट्यांचा उतार कोणीकडे. आणि तारीख, कारण नाला दर पावसाळ्यात काठ खातो. आजींनी ते सांगितलंच आहे, त्यांची साक्षसुद्धा वहीत लिहा, त्यांच्या शब्दांत, तेलुगूत सांगितलं तर तेलुगूत.

फोनमधलं होकायंत्र चालेल. फक्त ते धरताना जवळ पहार, कुदळ किंवा मोटारसायकल नसावी, सुई फिरते. आणि एकाच खोडाची दिशा तीन वेगवेगळ्या मुलांकडून मोजून घ्या, तिन्ही आकडे लिहा, एकही खोडू नका.